सिमेंट कधी विकायचं

सोम. ६ जाने. १९९२
रिटायर होऊन नऊ महिने झाले. आज शेवटी ठरवलं. पीएफच्या पैशातून घेतलेले औषध कंपनीचे शेअर आणि सासऱ्यांकडून आलेले सिमेंटचे, दोन्ही यंदा विकून टाकायचे आणि सगळं पोस्टात. दरमहा व्याज, डोक्याला ताप नाही. माझ्यामागे सुमनला पेन्शन निम्मीच मिळणार. तिच्या हातात महिन्याला ठरावीक काही पडलं पाहिजे. प्रश्न एवढाच, की विकायचे कधी.

तीस वर्षं सरकारी खात्यात कालव्यांचे नकाशे काढले, तेव्हा हेही कागदावरच काढणार. कपाटाच्या दाराला आतून ग्राफ पेपर चिकटवला. रोज पेपरातला भाव बघून खूण. चढ काळ्या पेन्सिलीनं, उतार लाल. दोन्ही कंपन्यांसाठी वर एकेक आडवी रेघ मारली. भाव रेघेला टेकला की विकायचे, मग पुन्हा विचार नाही.

सु.ला दाखवलं. 'बरं,' म्हणाली, आणि कपाटातून साडी काढून गेली.

शनि. १८ जाने.
औषध काल रेघेला टेकलं. ठरल्याप्रमाणे आज कोठी भागात सत्यनारायणकडे जाऊन शेअरचे कागद देऊन आलो. हा आमचा दलाल, वय जेमतेम तीस, टेबलावर दोन फोन, त्यातला एक बंद. 'सार, और पंद्रा दिन रुको,' म्हणत होता. नाही म्हटलं. शिस्त म्हणजे शिस्त.

स्वतःवर इतका खूश, की तसाच बेगम बाजारात शिरलो. सु.: 'दोन माणसांना पाच किलो खोबरं?' स्वस्त होतं म्हटलं. 'तुम्हाला स्वस्त दिसलं की भूक लागते.'

बुध. ५ फेब्रु.
औषध अजून चढतंय. विकलेल्याचा भाव पाहू नये. पाहतो. आज दोनदा पाहिला.

संध्याकाळी मोईनभाई चहाला. आमच्याच खात्यातले, माझ्याआधी वर्षभर रिटायर झालेले. माझं तोंड बघून म्हणाले, 'पंतजी, बेटी की शादी कर दिए, अब रोज उसके घर कू जाके हांडी का ढक्कन काएकू खोलके देखरे?' सु. आतून हसली. मीही हसलो, पण जिवाला लागलंच.

सोम. २ मार्च
सिमेंट रेघेला टेकलं. विकलं नाही.

खरं काय ते इथं तरी लिहावं. सकाळी कपडे करून निघालो होतो. कोपऱ्यावरच्या बूथमधून पुण्याला मिलिंदला फोन लावला, उगीच, कुणीतरी थांबा म्हणावं म्हणून. मुलगा बापाच्या मनातलं बरोबर बोलला: 'बाबा, देश आत्ता कुठे उघडलाय, आणि तुम्ही दुकान बंद करताय?' घरी परत. रबरानं रेघ पुसून चार बोटं वर मारली. कागद पुरेना म्हणून वर दुसरा जोडला.

हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये हे मी खात्यात ज्युनिअर पोरांना सांगायचो. सु.नं जोडलेला कागद पाहिला आणि कपाट लावून घेतलं.

मंगळ. १७ मार्च
उगाच लिहितो. बरे दिवस आहेत. सकाळी फिरून यायचं, इडली, पेपर, पेन्सिल. दुपारी झोप. सु. शेजारच्या लक्ष्मीम्मांकडून गोंगुऱ्याची, म्हणजे आपल्या अंबाडीची, चटणी शिकून आली. सिमेंट रोज थोडं वर. दुसरी रेघ दोन बोटांवर.

मंगळ. २४ मार्च
दुसऱ्या रेघेला टेकलं. या वेळी मन घट्ट करून सगळा गठ्ठा घेऊन कोठी गाठली.

सत्यनारायणनं एकेक कागद उलटला. मग मला विचारतो, 'सार, ये कमल कौन?'

बघितलं. प्रत्येक कागदावर कमल दिगंबर कुलकर्णी. नंतर फुकट आलेल्या बोनसच्या कागदांवरही तेच. अडतीस वर्षं मी या कागदांना डांबरगोळ्या घालतोय, दर दिवाळीला मोजतोय. कंपनी वाचली, आकडा वाचला, नाव कधी वाचलं नाही. कपाट माझं म्हणजे कागदही माझे.

मी म्हणालो, 'मेरी मिसेस.'
'मिसेस का नाम तो सुमन बोलते आप.'
'शादी में बदला.'
तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, आडनाव बदलतं ते ठीक, पण हे तर माणूसच दुसरं झालं, सार. कंपनी फॉर्म परत पाठवेल. आधी दोघी एकच असल्याचं ॲफिडेव्हिट, आणि विक्रीच्या फॉर्मवर सही कमल म्हणून. कंपनीच्या दप्तरात आहे तशी. हुबेहूब.

बुध. २५ मार्च
रात्री विचारलं. सु.: 'म्हणजे तुम्हाला माहीत नव्हतं?' खरंच आश्चर्य वाटलं तिला. मॅट्रिक पास झाली त्या वर्षी वडिलांनी घेऊन दिलेले. व्याज म्हणा, डिव्हिडंड म्हणा, आजवर जामबागेत तिच्या माहेरच्या पत्त्यावर जातो, तिच्या जुन्या खात्यात. भाऊ वर्षाचा एकदम काढून भाऊबीजेला ताटात घालतो. मी ते ताट अडतीस वेळा पाहिलंय. मेहुणा उदार आहे असं समजत होतो.

आमच्या घरात तेव्हा एक कमलवहिनी होत्याच. दोन कमल नकोत म्हणून आईनं सुमन सुचवलं. मी ताटातल्या तांदळात अंगठीनं ते लिहिलं. पाच मिनिटांचं काम. आज पहिल्यांदा विचारलं, तुला आवडलं होतं का नाव. म्हणाली, 'वाईट नव्हतं.' मग, 'वर्षभर कुणी हाक मारली की मी मागं बघायची, कुणाला बोलावतायत म्हणून.'

मला फार ओशाळल्यासारखं झालं.

शुक्र. २७ मार्च
सही आठवेना तिला. उरलेल्या ग्राफ पेपरांच्या पाठीमागं वीस-पंचवीस वेळा करून पाहिली. पहिल्या दहा सुमनच्या हाताच्या, किराण्याच्या यादीसारख्या. मग कुठूनतरी आली. क चा पाय लांब, ल ला शेपूट. 'ही,' म्हणाली. इतकं नखरेल अक्षर तिचं असेल असं वाटलं नव्हतं. एक कागद मी ठेवून घेतला, तिला न सांगता.

गुरु. २ एप्रिल
कोर्टाच्या आवारात नोटरीकडे. झाडाखाली टाइपरायटर घेऊन बसलेला म्हातारा. नाव का बदललं? सु. म्हणाली, 'शादी हुई.' तो म्हणाला, 'अम्मा, शादी तो सबकी होती.' तरी टाइप केलं. कमल आणि सुमन एकच, शपथेवर.

परतताना मोईनभाईंकडे थांबलो. त्यांना हकीकत ऐकून राहवेना. 'आपके में बीवी का नामच बदल देते? मैं जुबेदा कू दूसरे नाम से पुकारा तो पहले पूछती, वो कौन है बोलके.' सु.ला हसू आवरेना. घरी येईपर्यंत हसत होती.

सोम. ६ एप्रिल
पाडवा झाला. सगळे कागद तयार. फॉर्मवर तिची सही तेवढी बाकी. सकाळी पेन पुढं केलं. म्हणाली, 'थांबा. मी ठरवते.'

काय ठरवायचं राहिलंय? भाव दुसऱ्या रेघेच्याही वर आहे. मी आवाज चढवला. तिचा चढला नाही. 'तुम्ही तीन महिने ठरवत होतात. रेघा मारल्यात, पुसल्यात. मी काही बोलले?'

नव्हती बोलली.

गुरु. ९ एप्रिल
कुरकुर चालूच माझी. शेवटी म्हणालो, मी हे सगळं तुझ्यासाठीच करतोय ना, माझ्यामागं तुला दर महिन्याला काही मिळावं म्हणून. हातातली परात खाली ठेवून म्हणाली, 'तुम्ही आधी जाणार हे कुठल्या नकाशात काढलंय?'

खरंच, असं कधी मनातच आलं नाही. मला बीपी, तिला काही नाही, म्हणून मी आधी. एकटं राहायचं आलं तर तिनं राहायचं, मी नाही, हे धरूनच चाललोय.

मग सांगितलं तिनं. वडील कागद देताना म्हणाले होते, याला कुणासाठी हात लावू नकोस, तुझी अडचण तू ओळखशील. मिलिंदच्या कॉलेजच्या वेळी आमची इतकी ओढाताण झाली, तेव्हाही ती गप्प राहिली होती. का, असं विचारलं. 'ती आपली अडचण होती. तुम्ही निभावलीत.' रागवावं की कौतुक करावं, कळेना. दोन्ही थोडं थोडं केलं.

बुध. १५ एप्रिल
सु. रोज संध्याकाळी अंबरपेठेत फिरते आणि कुठं कुठं पाया खणलाय ते बघून येते. लक्ष्मीम्मांच्या मागं दोन मजली घर निघतंय, शाळेमागं एक. 'सिमेंट लागणारच की,' म्हणते. मी पेन्सिल घेऊन बसलो ते वेडेपणाचं, हिचं मात्र शहाणपणाचं.

मंगळ. २८ एप्रिल
उतार. तीन दिवस लाल. मुंबईत काही गडबड आहे म्हणे. सत्यनारायणकडे गेलो तर ऑफिसात बोलणंही ऐकू येईना, दुसरा फोनही दुरुस्त करून घेतलाय. मला बघून म्हणाला, 'अम्मा साइन करी क्या?'

वाटेत ठरवलं होतं घरी जाऊन स्पष्ट बोलायचं, बघ, झालं ना. दारात ती भेंडी चिरत होती. विचारलं तिनं, 'उतरलं?' हो म्हटलं. 'किती?' सांगितलं. मान हलवली. भेंडी चिरून संपवली. मी आत जाऊन लाल खूण केली.

शुक्र. १ मे
आणखी खाली. पहिल्या रेघेखाली गेलं. मी विकले असते २ मार्चला तर, असं मनात आलं आणि लगेच, विकले असते कसे, माझे होतेच कुठं. हसू आलं. एक गोष्ट मात्र कबूल: झोप छान लागतेय. जानेवारीपासून पहिल्यांदा. चुकलं तर मी चुकणार नाही याचं सुख, हे काही फार मोठेपणाचं सुख नाही, पण आहे.

सोम. ४ मे
जेवताना तिनं विचारलं, 'तुमचे असते तर आता काय केलं असतंत?' इतक्या महिन्यांत हे पहिल्यांदा. खरं सांगितलं, माहीत नाही. अजून उतरेल म्हणून विकावं, की चढेल म्हणून थांबावं, रोज मत बदलतं. 'मग दोघांनाही माहीत नाही,' म्हणाली आणि मला आणखी भात वाढला.

बुध. ६ मे
सकाळी नऊ वाजता सु. तयार. निळी नारायणपेठ साडी, पिशवीत कागदांचा गठ्ठा. मी चप्पल घालायला लागलो. म्हणाली, 'तुम्ही नका येऊ. मी जाऊन येते.' सत्यनारायणचा जिना अवघड आहे म्हटलं. 'मला गुडघे आहेत दोन.' फॉर्मवर सही केलीये का, ते विचारणार होतो. तोपर्यंत रिक्षात बसली.

साडेअकरा. पेपर दोनदा वाचून झाला. भाव कालचाच छापलाय, त्याचा काय उपयोग. लक्ष्मीम्मा डोकावून गेल्या, अम्मा कुठं म्हणून. बाहेर गेल्यात म्हटलं, कामाला.

पाऊण वाजला. वरण-भात लावला. येतच नाही म्हणजे विकले असतील, फॉर्म भरायला वेळ लागतो. की विकले नसतील आणि पुढं जामबागेला भावाकडे गेली असेल. सगळे की थोडे? पोस्टात की आणखी कुठं? इतकी वर्षं मी ऑफिसातून यायचो तेव्हा ती काही न विचारता आधी पाण्याचा तांब्या पुढं करायची. मला वाटायचं, हिला उत्सुकताच नाही.

फाटक वाजलं. माठातलं पाणी काढतो. विचारणार नाही.