पत्नी : हयात

पनवेल
नोव्हेंबर १९६२

प्रिय अबी,

तुझं पत्र येऊन पंधरवडा उलटला. उत्तर नाही म्हणून तू काळजीत असशील, आणि काळजीत असलीस की नखं खातेस. तेव्हा आधी बोट तोंडातून काढ आणि मग पुढचं वाच. आम्ही दोघंही ठीक आहोत. बाबांचा खोकला आहे तसाच आहे, न जास्त न कमी. शेजारचे दाजी रोज कुंपणावरून विचारतात, अबीचं लग्न कधी. मी सांगते, कागद व्हायचेत. ते मान डोलावतात. जमिनीचा व्यवहार असावा तशी.

तुझं पत्र मी बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. आरोन चांगला मुलगा आहे, त्याच्या आईनं तुला पदराखाली घेतलंय, सगळं ठरलंय, एवढ्यावर ते नुसते हं हं करत होते. मग आलं की लग्नाची नोंद होते त्या कचेरीत आपल्यासारख्या हिंदुस्थानातून तिकडे गेलेल्या यहुद्यांकडे घराण्याची नावं मागतात, मिळतील तितक्या पिढ्या मागं, आणि ती दिल्याशिवाय पुढं काही हलत नाही. हे ऐकल्याबरोबर बाबा उठले आणि कोट घातला. घरातल्या घरात कोट. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते बोलावणं एकदाचं आलं, असा चेहरा. मी पुढं वाचलं : नावं आईकडची हवीत. आई, तिची आई, तिची आई. बाबा कोटासकट खाली बसले.

ते का बसले हे तुला कळायचं नाही, कारण मी तुला आजवर 'बाबा घराण्याची माहिती काढताहेत' एवढंच लिहीत आले. सगळं लिहिलं असतं तर तुला वाटलं असतं, दोघांपैकी एकाचं तरी डोकं फिरलंय. मीठ खात्यातून पेन्शनीत निघालेला माणूस. जन्मभर मिठागरांचे अहवाल लिहिले, आता वाडवडिलांचे लिहायला घेतले. आपण वावेकर, म्हणजे मूळचे वावे गावचे, इथून सुरुवात. आता कुलाबा जिल्ह्यात वावे नावाची गावं किती आहेत ते देवालाच ठाऊक. बाबा एस.टी.नं एकेका वाव्याला जाऊन आले आणि प्रत्येक वावं त्यांना आपलंच वाटलं. एका ठिकाणी कोट-टोपीतला हा पाहुणा कागद हातात धरून विचारू लागला, आमच्या घराण्याची जागा इथं कुठं होती हो? कूळकायद्याचे दिवस. हां हां म्हणता गाव गोळा झालं. महादेव नावाचा म्हातारा पुढं येऊन म्हणाला, "जमीन आमचे नावावर हाय. कोरटात जायाचा तर जा, आमी नाय सोडणार." बाबांनी परोपरीनं समजावलं की मला जमीन नको, मला पणजोबा हवेत. त्यानं तर संशय आणखीच वाढला. शेवटी गावानं त्यांना भाकरी-सुकट जेवू घातली, गाडीत बसवलं, आणि एस.टी. दिसेनाशी होईपर्यंत माणसं रस्त्यात उभी राहिली.

पुढच्या वाव्यात पणजोबा मिळाले. गावाबाहेर करवंदीच्या जाळीत एक शेवाळलेला दगड. बाबांनी मेणबत्ती लावली, प्रार्थना म्हटली, डोळे पुसले, आणि मग ब्रश काढून शेवाळ घासलं, तर खालून मोजणीवाल्यांचा बाण निघाला. हद्दीचा दगड. बरोबर गेलेल्या दाजींनी मला हे सांगितलं, हसू नका वहिनी असं बजावलं आणि स्वतःच पोट धरून हसले. पण बाबांचा प्रामाणिकपणा बघ. त्यांनी आपल्या वहीत स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'सदर दगड पणजोबांचा नसल्याचे आढळून आले.' एक खोटं अक्षर त्यांच्या कागदावर राहत नाही. हे लक्षात ठेव, पुढं लागणार आहे.

आपली माणसं त्यांना पाहून रस्ता बदलतात. मशिदीत (तू आता तिकडे सिनेगॉग म्हणायला शिकली असशील, आम्ही अजून मशीदच म्हणतो) प्रार्थना संपली की बाबा दारात उभे. तुमचे आजोबा पेणचे की नागावचे? घाणा एका बैलाचा की दोन? शनवारी घाणा बंद ठेवणाऱ्या तेल्यांची पोरं आपण, पण शनवारी सकाळी उपाशी पोटी बैलांचा हिशेब कोण देणार. लोक बायकांच्या जिन्याकडून मागच्या दारानं घरी जायला लागले.

आणि ती वंशावळ. कागदाला कागद खळीनं चिकटवत ती अशी वाढली की आधी भिंत संपली, मग ती लाकडी कपाटावर चढली. कपाटाच्या दारावर आमचे मधले सहा-सात पूर्वज बसलेत. दार उघडायचं म्हणजे त्यांना फाडायचं. आत आपल्या गोधड्या आहेत, माझी लोकरी शाल आहे. दोन थंड्या मी जुन्या लुगड्याच्या घड्या पांघरून काढल्या. भांडले नाही असं समजू नकोस. चांगली भांडले. पण एकदा दुपारी मी ओसरीतून पाहिलं, बाबा वंशावळीपुढं उभे होते, हात अगदी खालच्या टोकाशी, जिथं 'अबीगेल' लिहिलंय तिथं, आणि ते काहीच करत नव्हते. नुसते उभे. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की हे खूळ तू गेलीस त्याच्या पुढच्याच महिन्यात सुरू झालंय. तुला निरोप देऊन आलो, त्या दिवसापासून या माणसानं तुझं नाव काढून एकदाही हुंदका दिला नाही. आपल्या गल्लीतली घरं एकामागून एक रिकामी झाली, तूही गेलीस, मग त्यांनी अशी माणसं शोधायला घेतली जी कुठंही जाणार नाहीत. त्यानंतर मी शालीचं नाव काढलं नाही.

तर त्या दिवशी, तुझं पत्र वाचून झाल्यावर, बाबा वंशावळीपुढं गेले आणि वरपासून खालपर्यंत बोट फिरवत आले. बापाचा बाप, त्याचा बाप, सगळे नावानिशी, धंद्यानिशी. बायकोच्या जागी मात्र कुठं 'पत्नी : मयत', कुठं 'पत्नी : एक', आणि अगदी वरच्या, ऐकीव पूर्वजांना 'पत्नी : असावी'. शेवटी स्वतःची ओळ आली. मनासे एलिएझर वावेकर. पत्नी : हयात. ते मी झाडलोट करताना फार पूर्वीच वाचलं होतं आणि मनात म्हटलं होतं, चला, निदान जिवंत तरी धरलंय. बाबांनी ते त्या दिवशी पहिल्यांदा वाचल्यासारखं वाचलं. आपला धर्म आईकडून येतो हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. लहानपणापासून माहीत होतं. पण आडनाव बापाचं, गाव बापाचं, म्हणून शोधायला निघाले ते बापाच्याच वाटेनं. मागं वळून मला म्हणाले, "मिरियम, तुझ्या आजीचं नाव काय गं?" लग्नाला सव्वीस वर्षं झाली, अबी. मला रडू आलं, आणि रागही आला, आणि मी म्हटलं रहमा. तिच्या आईचं नाव मात्र मलाही येईना.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पोयनाडला गेलो, माझ्या एस्थरमावशीकडे. आईच्या माहेरचं आता तेवढंच माणूस उरलंय. लग्न झाल्यापासून तिकडे मी एकदाच गेले होते, तेही आई गेली तेव्हा. मावशी चौऱ्यांशीची, कान गेलेले, जीभ शाबूत. बाबांनी विचारायचं, मी तिच्या कानात ओरडायचं आणि तिनं भलत्याचंच उत्तर द्यायचं. जावयाला मासळी आवडली का, हे ती चारदा विचारून गेली. पण रहमाच्या आईचा विषय निघाला आणि म्हातारीचा चेहराच बदलला. तिचं नाव मैना. हातानं सांज्याचे लाडू वळायची, शुक्रवारी दिवा लागला की घाण्याला हात लावू द्यायची नाही, आणि एकदा गावच्या पाटलानं लग्नघरासाठी शनवारी तेल मागितलं तर दारात आडवी बसली होती, म्हणाली, "बैलाला पण इश्रांती हाय, पाटील." मावशी ते सांगताना स्वतः दारात बसल्यासारखी ताठ झाली. मग बाबांनी पेन सरसावून विचारलं, मैनाची आई? मावशीनं तिलाही लहानपणी पाहिलेलं. म्हणाली, "ती आजी." नाव काय, म्हणून आम्ही पुन्हा पुन्हा ओरडलो. शेवटी मावशी चिडली. "नाव कशाला लागतंय? तिची पोरंसुद्धा तिला आजीच म्हणायची. आजी व्हती ती."

घरी येऊन बाबांनी कोरा कागद घेतला आणि लिहायला बसले. अबीगेल, आई मिरियम, तिची आई सारा, तिची आई रहमा. तिथं पेन थांबलं. मी विचारलं काय झालं. म्हणाले, कचेरीतला माणूस हे नाव वाचून काय म्हणेल? मैना हे नाव आपल्यांचंही आणि गावातल्या प्रत्येकाचंही. मैना म्हटल्यावर तो विचारेल ही कोण, हिंदू बाई? आणि पोरीचं सगळं तिथंच अडेल. मग खाली मान घालून हळूच म्हणाले, मैनाच्या जागी हन्ना लिहिलं तर? हद्दीचा दगड दगडच आहे म्हणून लिहिणारा हा माणूस, अबी. तुझ्यासाठी तो तेवढंही करायला निघाला होता. त्या क्षणी ते मला जितके आवडले तितके कधी आवडले नव्हते. पण मी म्हटलं, नको. "तिला एकदा तरी तिच्या नावानं लिहा." मग त्यांनी मैना लिहिलं, आणि तिच्या आईच्या जागी, त्यांच्या त्या सरकारी अक्षरात, आजी.

हा कागद याच पाकिटात आहे, पण तो एकटा कचेरीत नेऊन देऊ नकोस. कागदाला मैनाविषयी कुणी काही विचारलं तर तो गप्प बसेल. आणि आरोनला 'जाऊ दे, सोडून दे' असं सांगायचं तू मनात आणलंयस, ते तुझ्या शेवटच्या ओळीतून मला दिसलं. तसलं काही बोलू नकोस. त्यांना पुरावा आईकडून हवा आहे ना, मग आईच येते आहे. मी, जी अलिबागच्या पलीकडे कधी गेले नाही, विमानात बसून येते आहे. तिथं उभी राहीन आणि पाटलापुढं दारात आडवी बसलेली मैना त्यांना सांगेन. विचारतील तितक्या वेळा सांगेन, त्यांना समजेल त्या भाषेत तू करून दे. तिकिटाचे पैसे कुठून आले हे सांगू नको असं बाबांनी बजावलंय, म्हणून सांगते. वंशावळ छापून सगळ्यांना वाटायची म्हणून ते पेन्शनीतून बाजूला टाकत होते, ते हे पैसे. दोघांपुरते नाहीत, मी म्हटलं तुम्ही जा, तर म्हणाले, "मला कोण विचारतंय तिथं? मी तर नवरा." जेवायचं ते दाजींकडे बघणार आहेत. काल त्यांनी पाण्याचा हात लावून लावून कपाटावरचे पूर्वज अलगद सोडवले, एकही फाटला नाही, आणि माझी शाल काढून उन्हात घातली, तिकडे थंडी असते म्हणून. ते बाहेर गेल्यावर मी वंशावळ पाहिली. खालच्या ओळीत 'हयात'वर एक सरळ रेघ मारलीय, वर 'मिरियम' लिहिलंय, आणि समासात 'दुरुस्ती केली' म्हणून सही. तुझ्या नावाशेजारी त्यांनी जागा सोडून ठेवलीय, आणि तुझ्या खाली तर बरीच. विमानतळावर मला घ्यायला ये.

तुझीच आई,
मिरियम,
साराची, रहमाची, मैनाची आणि आजीची