गळ्यातली टकटक

१४ नोव्हेंबर १९४९, अकोले
सर्व्हिस मोटारीने दुपारी पोचलो. भिंगारच्या लष्करी दवाखान्यातली कंपाउंडरकी सुटल्यापासून आज नवी नोकरी मिळून प्रथमच मन हलकं आहे. बंगला टेकडीवर, खाली पिवळी झालेली भाताची खाचरं. डॉक्टरसाहेब अमेरिकेत शिकून आलेले, बोलायला मऊ. डोंगरातल्या बायकांना गलगंडाचा त्रास फार, त्यावर नवं औषध आणलंय. स्वयंपाकीणबाईने गरम नाचणीची भाकरी वाढली. भिंगारला बायकोला, बानूला पत्र टाकलं : बाळाचे चाळीस दिवस भरले की तुम्हा दोघांना घेऊन येतो.

१५ नोव्हेंबर
सकाळी चहा घेताना साहेबांनी काम समजावलं. औषध म्हणजे आयोडीनच, पण किरणं टाकणारं. पाण्यासारखं, बेचव. पोटातून रक्तात उतरतं, अंगभर फिरतं आणि गळ्यातली ग्रंथी ते ओढून धरते. उरलेलं बरंचसं दोन दिवसांत लघवीवाटे जातं, थोडं घामातून, थुंकीतून. किती धरलं, किती सोडलं ते यंत्र टकटक करून सांगतं. त्यासाठी प्रत्येक बाईची लघवी थेंब न सांडता जमवायची. ते काम माझं.

१७ नोव्हेंबर
दहा बायका, दहा बरण्या. गढूळ, केशरी, एकीत रक्ताची तार. ओतताना मनगटावरून ओघळ आला, बाही भिजली. पाक कपडाच उरला नाही, दोन वेळची नमाज चुकली. साहेब बरणी उजेडात धरून मध पाहावा तसे पाहतात. बायकांच्या काखेतला घाम फडक्याने टिपायला लावला, वाटीत थुंकायला लावलं. भाकरी तोंडाशी नेली की बोटांना तोच वास.

२१ नोव्हेंबर
लंकाबाई तीन महिन्यांच्या पोराला पाजत होती. साहेबांनी यंत्राची नळी पोराच्या गळ्याशी धरली. टकटक. पोराला औषध दिलेलंच नाही. म्हणजे दुधातूनही उतरतं, असं साहेब खुशीत म्हणाले आणि तिचं दूध वाटीत पिळून घ्यायला सांगितलं. मी तिला बाजूला घेऊन पाजू नकोस म्हणालो.
"मंग काय पाजू, भाऊ? घरात दुधाला शेरडू बी न्हाई."
वाटी तशीच हातात, कोमट.

२३ नोव्हेंबर
लंकाबाई पोर घेऊन पळाली. साहेबांना पोराचं काही नाही. दोन दिवसांची लघवी गेली म्हणून हळहळले.

२५ नोव्हेंबर
गळा दुखतो. लाळ चिकट, तोंडात पत्र्याची चव. साहेब गावात गेले होते. नळी सहज स्वतःच्या गळ्याला लावली.
टकटक बायकांपेक्षा जलद.
साबणाने मान घासली, कातडी सोलेपर्यंत. पुन्हा लावली. तेवढीच.

२६ नोव्हेंबर
साहेबांचा नोंदींचा तक्ता पाहिला. दहा बायकांखाली : निरोगी पुरुष, वय अठ्ठावीस, चहातून. पंधरा तारखेपासून रोज. स्वयंपाकीणबाई रडली. चहात घालायचं ते ताकदीचं औषध, असं तिला सांगितलं होतं. माझ्या खोलीतलं लघवीचं भांडंही तीच साहेबांकडे न्यायची —
साहेबांना विचारलं. चिडले नाहीत.
"तुलनेला निरोगी गळा हवाच होता, जैनुद्दीन. जायचं तर जा. आजची बरणी तेवढी भरून दे."
मी भरून दिली. का दिली —

२८ नोव्हेंबर, भिंगार
घरी. बानू माझ्या पेल्यातलं उष्टं पाणी प्यायली. पेला हिसकावला. तिला काही कळेना. सगळं सांगितलं. ती म्हणाली ताप आलाय तुम्हाला. बाळाने माझं बोट धरून तोंडात घातलं. बोट घामेजलेलं —

३० नोव्हेंबर
मान सुजली. थुंकी गिळवत नाही. माझीच, पण किळस येते. कुठे थुंकू. मोरीत बानू भांडी घासते. परसात थुंकतो.

२ डिसेंबर
आज मागे वळून पाहिलं. मी थुंकलो की घरच्या कोंबड्या धावत येतात. टिपतात. रोज टिपत असतील —
बानूला विचारलं अंडी कुठायत. म्हणाली बाळंतिणीला ताकद हवी म्हणून माझी अम्मी रोज उकडून देते. आजही दोन —
बाळ रडतंय. ती पदराखाली घेते आहे. ओरडलो. घशातून आवाजच —