काटा शून्यावर

१४ सप्टेंबर २००४, मंगळवार

काटा हललाच नाही, मग आपण गेलो का नाही गेलो?

आईने आज गाडीत बसल्या बसल्या विचारलं. बी.एस्सी. फिजिक्स, घरातली पहिली ग्रॅज्युएट — आणि पाथर्डी फाट्याच्या पुढे बाभळीखाली गाडी उभी करून मी नुसती त्या काट्याकडे बघत बसले.

गाडी समाधानदादाची. जुनीच घेतलीय, पण त्याचा फार जीव. कंपनीतून आला की चहाच्या आधी मीटर बघतो. किती किलोमीटर झाले तो आकडा त्याच्या डोक्यात पक्का. माझ्याकडे लायसन्स आहे, क्लासच्या गाडीवर मिळवलेलं. पण या गाडीला हात लावायची सोय नव्हती. "पोरींच्या हातात गाडी दिली की गिअरबॉक्सचा भुगा होतो," हे त्याचं ठरलेलं वाक्य. गुपचूप एक चक्कर मारली तरी मीटर चुगली करणार.

गेल्या आठवड्यात मीटरच बंद पडलं. स्पीडचा काटा शून्यावर, किलोमीटर जागच्या जागी. गाडी मात्र छान पळते. दादा म्हणाला, "पळतीय ना? मग राहू दे. विकायच्या टायमाला कमी चाललेली दिसंल."

म्हणून आज दादा मोटारसायकलवर कामाला गेल्यावर मी खुंटीवरची चावी काढली. आप्पा मळ्यात झेंडूला पाणी देत होते. वहिनीने बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. आई आपणहून येऊन शेजारी बसली. "येकटी नको जाऊ."

मला दिवाळीआधी गाडी हातात बसवायलाच हवी. पेठ-सुरगाण्याच्या आश्रमशाळांत प्रयोगांचं सामान घेऊन फिरणाऱ्या विज्ञान-जीपवर मला काम हवंय! जीपवाल्या संस्थेचे सर म्हणाले, शिकवणारे खूप येतात, घाटात जीप चालवणारं कोणी येत नाही. जमत असेल तर दिवाळीनंतर या.

१६ सप्टेंबर

तिसरा गिअर आज न खरखरता पडला. आई म्हणाली, "आता कशी कडी लागल्यावानी वाजली."

२१ सप्टेंबर

आज यादवमामांच्या गॅरेजवर गेले. सहज विचारल्यासारखं विचारलं, मीटर का बंद पडतं हो?

"समाधाननं पाठवलं का तुला? तोच म्हनला ना राहू दे म्हनून."

मग त्यांनीच भंगारातून एक काळा तुकडा काढून हातावर ठेवला. सेन्सर. माझ्या अंगठ्याएवढा. गिअरबॉक्सवर बसतो. आतलं चाक फिरलं की याचं इवलंसं चाक फिरतं, त्याच्यावर चुंबक, आणि चुंबकासमोर सिलिकॉनचा एक कण — तो चुंबकाला शिवतसुद्धा नाही! नुसतं जवळून गेलेलं त्याला कळतं. कळलं की वायरीतून वर सांगतो. "हाच मीटरला सांगतो, हाच विंजिनच्या कॉम्प्युटरला सांगतो," यादवमामा म्हणाले.

हॉल इफेक्ट. मी यावर परीक्षेत आख्खा प्रश्न लिहिला होता, आकृतीसह. तो रोज आमच्या दारात, तेलात, चिखलात बसलेला असतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. न शिवता मोजणं! दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

२९ सप्टेंबर

आईने आज गिअरच्या दांड्यावर हात ठेवला आणि काढलाच नाही. "आत काय हाय गं? जातं फिरतंय जणू."

मी सांगितलं, दातांची चाकं आहेत. लहान चाक मोठ्याला फिरवतं तेव्हा जोर जास्त, वेग कमी. चढाला तेच लागतं.

"मग म्या बदलू का? तू पाय दाब."

मी क्लच दाबला. तिने दुसरा टाकला. मग तिसरा. इंदिरानगरच्या मागच्या रिकाम्या रस्त्यावर आम्ही दोघी मिळून एक गाडी चालवत होतो — पाय माझे, हात तिचा. चाळीस वर्षं टेम्पोच्या मागे फुलांच्या पाट्यांवर बसून बाजारात गेलेली माझी आई. तिच्या बांगड्या प्रत्येक गिअरला वाजत होत्या.

५ ऑक्टोबर

आजचं आजच लिहून ठेवते.

आज लांब गेलो, पेठ रोडने सावळ घाटापर्यंत. पेट्रोल माझ्या शिकवण्यांच्या पैशातून. चढ मस्त चढले. वर थांबून शेंगदाणे खाल्ले. डोंगर इतके हिरवे आणि इतके गप्प, की आई डोक्यावरचा पदर नीट करून बसली, देवळात बसते तशी.

येताना उतारावर वळण आलं. क्लच दाबला, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला — आणि इंजिन बंद. गाडी उतरतच होती. ब्रेक दाबला, एकदा लागला, दुसऱ्यांदा दगडासारखा घट्ट, पाय आत जाईना.

आई ओरडली नाही. म्हणाली, "बये, आवाज गेला." आणि तिचा हात गिअरवर होताच. मी म्हटलं, दुसरा. तिने दुसरा टाकला. मी क्लच सोडला. गाडीने हिसका दिला, इंजिन परत बोलायला लागलं.

खाली सपाटीला येऊन थांबलो. मला रडू आलं. आईने उरलेले शेंगदाणे माझ्या हातावर ठेवले.

६ ऑक्टोबर

रात्रभर विचार करून कळलं. सेन्सर कॉम्प्युटरला सांगतो की गाडी चालतीय. तो गप्प, म्हणून कॉम्प्युटरला वाटलं आपण उभ्या आहोत. उभ्या गाडीपुरतंच पेट्रोल त्याने दिलं. आम्ही दरीच्या कडेने घरंगळतोय आणि गाडीच्या लेखी आम्ही घरी, दारात!

यादवमामांना खरं सांगितलं. त्यांनी मान डोलावली. "होतं असं काही गाड्यांत. घाटात कोन गेलतं?"

"मी."

"समाधानला म्हाईत हाय?"

"नाही."

"मग मला बी नाय म्हाईत. पन घाटात नको नेऊ आता."

सेन्सर काढून एका रात्रीपुरता मला दिला. काढलेला कळणार कुणाला? काटा तसाही शून्यावर.

घरी बॅटरी आणि मल्टिमीटर लावून ते चिमुकलं चाक बोटाने फिरवलं. काटा वर, खाली, वर, खाली. आहे, नाही, आहे, नाही. म्हणजे जिवंत आहे, फक्त इशारा क्षीण — कॉम्प्युटरला पुरतो, मीटरला पुरत नाही! मग चुलीजवळ थोडा गरम केला. काटा पडला तो उठेना. थंड झाला, परत हलला. तापला की पुरता आंधळा होतो बिचारा, घाटात झाला तसा.

१० ऑक्टोबर, रविवार

जेवताना दादा म्हणाला, पुढच्या रविवारी वणीला, गडावर. नवरात्र आहे. सगळे गाडीने. दादाची सृष्टी लगेच ताटावरून उठून नाचली — "मी पुढं! मी पप्पाजवळ!" पाच वर्षांची आहे ती.

गडाचा घाट.

दादा गाडी फक्त गावात चालवतो, सपाटीला, थोडी थोडी. त्याला हे माहीतच नाही. सांगितलं तर विचारेल, तुला कसं कळलं? मग चावी कपाटात, कुलपात. जीपही गेली, आश्रमशाळाही गेल्या.

आणि तो वाईट नाही, हीच पंचाईत आहे. दहावीनंतर त्याने कंपनी धरली म्हणून मी कॉलेजला गेले. निकालाच्या दिवशी माझी मार्कशीट कंपनीभर दाखवून आला होता.

११ ऑक्टोबर

यादवमामांनी सोपी वाट काढली. "मी नवा बसवतो. समाधानला सांगतो, एक सेन्सर आलता माझ्याकडं, दिला बसवून. तुजं नाव बी नाय."

सृष्टी सुखरूप, माझी चक्कर लपलेली, सगळं जागच्या जागी. मी हो म्हणणार होते.

घरी आईला सांगितलं. ती झेंडूच्या माळा करत होती. सुई थांबवली नाही. "म्हंजी आपुन गेलतो ते गेलोच नाय?"

तोच प्रश्न.

"मोजू दे की त्या मीटरला," आई म्हणाली. "चोरी केली का आपुन?"

१२ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी नवा सेन्सर बसवून घेतला, माझ्या नावाने. मळ्यामागच्या मैदानात गाडी नेली, तिथे आईने आणि मी जागा बदलल्या. मग सावळ घाट, वर आणि खाली. इंजिन कुठेही गप्प झालं नाही. संध्याकाळी दादा आल्यावर मीच त्याला गाडीत बसवलं, घाटात काय झालं होतं ते सगळं सांगितलं, आणि म्हटलं, आता मीटर बघ. त्याने डोक्यातला जुना आकडा त्यातून वजा केला. मग हळूच म्हणाला, "एवढी सगळी तू चालवलीस?"

म्हटलं, नाही दादा. त्यातले दोन किलोमीटर आईचे आहेत.