आजीचा गुडघा

ता. ३

चि. भिंगरीस,
आजीचे आशीर्वाद, सोबत एक धपाटा.

दवाखान्यात सुया टोचल्यास, वाचनालयात धूळ खाल्लीस, बायकांना गाडी शिकवलीस, आणि आता सात वर्षं पोरापोरींना घेऊन म्हाताऱ्यांचे पंखे फुकट दुरुस्त करतेस. तुझी मावशी म्हणते, ही एका जागी टिकत नाही. मी म्हटलं, टिकली असती तर भिंगरी नाव कशाला पडलं असतं?

चौदा तारखेला नगरपालिकेची माणसं बघायला येणार, आणि तुझं दुरुस्ती केंद्र एकट्या बाईच्या जिवावर चालतं असं दिसलं तर दिलेली जागा काढून घेणार, हे तुझ्या पत्रात वाचलं. मग त्या दिवशी तू तिथे थांबतेस कशाला? तुझ्या आईने पहिला फ्रॉक बेतला, तेव्हा मी न्हाणीघरात कडी लावून बसले होते. समोर असते तर कात्री हिसकावली असती. तुझाही हात माझ्यासारखाच.

लोभ आहेच, वाढवायला जागा नाही.
तुझी आजी

ता. ६

ती. आजीस सा. न.,

ते जमणार नाही. जागा गेली तर पंचवीस पोरं रस्त्यावर येतील. साहेबांना माहिती सांगायला आमच्यातल्या एका मिटल्या तोंडाच्या पोरीला उभं करतेय, पण अडली तर मला पुढे व्हायलाच हवं. काल ती मिक्सर उघडत होती, आणि पाना माझ्या हातात कधी आला कळलंच नाही. सगळी पोरं हसली.

राग थोडा, लोभ फार असावा.
भिंगरी

ता. ९

चि. भिंगरीस आ.,

स्टुलावरून पडले. गुडघा गेला. तेराला ये, दोन दिवस राहा. फोन करू नकोस, गुडघा दुखला की मला ऐकू येत नाही.
आजी

ता. १७

ती. आजीस सा. न. वि. वि., आणि विशेष हेच की तू खोटारडी आहेस.

मी धापा टाकत आले, तर तू त्याच स्टुलावर चढून जळमटं काढत होतीस! वर माझ्या चपला लपवल्यास.

आता ऐक, चौदाला मी नसताना केंद्रात काय झालं ते पोरांनी सांगितलं. एका साहेबांनी पंख्याच्या पात्याला बोट लावलं, रक्त आलं. पोरांनी मी शिकवलेली पट्टी बांधली. मिटल्या तोंडाची पोर त्यांना म्हणाली की इथे यंत्राला विचारल्याशिवाय हात लावायचा नसतो. बाई कुठे आहेत असं त्यांनी विचारलं, तर म्हणाली, बाई कशाला हव्यात, आम्ही आहोत ना!

जागा दहा वर्षांसाठी मिळाली, आजी! शिवाय शहराच्या दुसऱ्या टोकाला नवं केंद्र, आणि ते तीच चालवणार. मी सगळ्यांसमोर रडले.

लोभ असू दे. गुडघ्याला नमस्कार.
भिंगरी

ता. २०

चि. भिंगरीस आ.,

पत्र दोनदा वाचलं. अक्षर भिकार आहे म्हणून. मावशीला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने ताटावरून उठून ते पुन्हा वाचायला लावलं, असं आमच्या घरात आजवर झालेलं नाही.

आता त्या पोरीच्या केंद्रात सारखी डोकावू नकोस. चुकेल, चुकू दे. पाना तिच्या हातात राहू दे. गेलीस तर मला कळेल, आणि माझा दुसरा गुडघा अजून शाबूत आहे.

आजी