गुरुवारच्या बादल्या

प्रिय तहमिना,

परवा फोनवर तू विचारलंस, आम्मा, आवाज असा का येतोय? मी सर्दीचं नाव सांगितलं. सर्दीबिर्दी काही नव्हती. तू इतकी खुशीत होतीस की मला खरं सांगवलं नाही, म्हणून आज लिहायला बसले. माझे आकडे सरळ येतात, अक्षरंच लडखडतात. सांभाळून वाच.

इकडे शिमुलाचं झाड लाल फुलांनी भरलंय. थंडी सरली तशी रोटाव्हायरसच्या जुलाबांची पोरं कमी झाली आणि वॉर्ड निम्मा रिकामा पडलाय. मंगळवारी फुलबानू येऊन गेली. अकरा नंबरच्या खाटेवरच्या सोहागची आई, आठवते ना? कुरमुऱ्यांचे गुळातले लाडू घेऊन, नावेतून दोन तास प्रवास करून आली. सोहाग असा गुबगुबीत झालाय की मीच ओळखला नाही. माझा चष्मा ओढला गुलामाने. तुझ्या कोंबड्यांना लस टोचून त्यांच्या अंड्यांच्या बलकाची जी पूड केलीस, ती त्याला मिळाली की साध्या अंड्याची, ते बंद पाकिटं उघडेपर्यंत तुलाही माहीत नाही, मलाही नाही. पण त्याला पाहून मी मनात म्हटलं, माझ्या लेकीचं औषध लागू पडलं.

तेवढ्यात फुलबानू हसत म्हणाली, “खाला, तुमची डॉक्टर लेक यायची त्या दिवशी आम्ही तुमची अब्रू कशी राखली!” मी म्हटलं, “कसली अब्रू गं?” तर म्हणते, “अहो, बादल्या! तुम्ही चहाला गेलात की आम्ही दोघी-तिघी नाल्यात ओतून यायचो. पाहुणी दारात आणि खाटेखाली घाण, बरं दिसतं का ते? आमच्या आधीच्या बायाही तेच करायच्या, आम्हाला सांगून गेल्या.” मी लाडू खाली ठेवला आणि कुठल्या कुठल्या खाटांच्या, ते तिला विचारलं.

तहमिना, मधे भोक असलेल्या खाटेखालची, जुलाब पडतात ती बादली दर सहा तासांनी मीच काट्यावर ठेवते आणि मीच आकडा लिहिते. कुणाचे जुलाब किती कमी झाले, ते त्या आकड्यावरच ठरणार. आणि दर गुरुवारी त्या बादल्या कुणीतरी आधीच रित्या करत होतं. मला वाटायचं, वा, आज पोरं बरी दिसतात! काट्याला काय कळणार, आणि मला तरी कुठे कळलं?

दोष त्या बायकांचा नाही गं. बुधवारी संध्याकाळपासून मीच वॉर्डभर मिरवायची. उद्या माझी मुलगी येणार, ढाक्याहून, मोठी डॉक्टर, चादरी नीट ओढा, पोरांची तोंडं पुसा. आयाची मुलगी डॉक्टर झाली, हे मी किती जणींना ऐकवलं असेल! त्यांनी आपलं माझं मन राखलं.

तेव्हापासून डोक्याचा नुसता भुगा झालाय. दोन्ही पुड्यांच्या पोरांच्या बादल्या सारख्याच ओतल्या गेल्या असतील, तर फरक पडत नाही ना? की पडतो? सोहाग बरा झाला तो पुडीने, मिठासाखरेच्या पाण्याने, की आपला आपणच? मी त्याला उठून बसताना, भात मागताना पाहिलंय. मग डोळ्यांनी पाहिलेलं खरं की कागदावरचं? तू सहा वर्षं या एका गोष्टीमागे घालवलीस. आता हे सगळं पुन्हा एका थंडीत करावं लागलं तर? लोक म्हणतील, आईनेच घोळ घातला. चार दिवस मी हे पोटात ठेवलं. सोहाग बरा आहे, मग कशाला बोला, असंही वाटलं.

आणि मग सारखा मिंटू आठवतो. तुझा भाऊ आठ महिन्यांचा होता, तू सहा वर्षांची. त्याचे ओठ सुकले होते. तुझी दादी उशाशी बसून म्हणत होती, पाणी दिलं की जुलाब वाढतात, थेंब द्यायचा नाही. तू वाटी घेऊन आलीस. मला मनातून वाटत होतं, द्यावं पाणी. पण सासूसमोर बोलायची लाज वाटली. मी तुझा हात बाजूला सारला, पाणी चटईवर सांडलं, आणि पहाटे मिंटू गेला. त्यानंतर तू मला त्याबद्दल कधी एका शब्दाने विचारलं नाहीस. मीही कधी सांगितलं नाही की तुझं बरोबर होतं.

आज सांगते. तुझं बरोबर होतं. उद्या रविवारी पाकिटं उघडून तुम्ही बघणार, कुणाला कुठली पूड. एकदा ते कळलं की मी काहीही म्हटलं तरी लोकांना वाटेल, लेकीच्या सोयीचं बोलते. म्हणून हे पत्र आजच्या लाँचने आपल्या नर्स हसीनाआपांच्या हाती पाठवतेय. सोबत नऊ गुरुवारांच्या तारखा आहेत. फुलबानूला आठवल्या तेवढ्या खाटांचे नंबरही आहेत, बाकीच्या मला माहीत नाहीत. वहीतला एकही आकडा मी बदललेला नाही. पाकिटं उघडू नकोस, पोरी. आधी माझ्यावर रागाव, मग तुझ्या वरच्या मोठ्या डॉक्टरांना सांग. म्हणशील तर मी स्वतः येऊन त्यांच्यासमोर उभी राहीन.

तुझीच,
आम्मा