मुलाच्या गोळ्या

४ जानेवारी
दोन घरं, दोन्हींना कुलूप. तिसऱ्या घरातल्या बाईंनी दारातच अडवलं. "मला काही होत नाही, मग औषध कसलं?" हळू बोलत होत्या — आत सासूबाई. एचआयव्ही निघाला की त्याच दिवशी गोळ्या सुरू, तब्येत ठणठणीत असली तरी. नियम चांगलाच आहे. पण न दुखणाऱ्या दुखण्याचं औषध जन्मभर घ्यायचं, हे पटवायचं कसं? आणि औषध मधेच सोडून गळालेली माणसं हुडकायला आमच्या औषध केंद्रात मी एकटी.

११ जानेवारी
कंडक्टर काका आले. बसवर आयुष्य गेलं त्यांचं, आता निवृत्त. दर महिन्याला मुलाच्या गोळ्या न्यायला येतात, तारीख चुकवत नाहीत.
"चिरंजीव कसे आहेत?"
"बरा आहे. सुटी मिळत नाही त्याला."
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सगळे असे असते तर तुला घरी बसावं लागलं असतं."
फक्त मुलाची रक्ततपासणी राहिलीय. त्याला आणा म्हटलं की काका नुसती मान डोलावतात.

१९ जानेवारी
म्हटलं, आपणच जावं. काकांचं घर दुसऱ्या मजल्यावर. सुनेने दार उघडलं. "तुमचे मिस्टर कधी येतात कामावरून?" तिने सासऱ्यांकडे पाहिलं.
"बसा ताई," काका म्हणाले. "तो गेला. मागच्या उन्हाळ्यात. बांधकामावर परांची कोसळली."
"मग गोळ्या?"
सून पाणी ठेवून आत गेली. काका म्हणाले, "तुमच्याकडे त्याची चौकशी होते. बाकी कोणी करत नाही आता."
जिना उतरताना पायऱ्या दिसेनात.

२० जानेवारी
डॉक्टरीणबाईंना सांगितलं. सांगणं भागच होतं. मयत म्हणून नोंद झाली, गोळ्या बंद. "बिचारे. मन मानत नसेल त्यांचं," त्या म्हणाल्या. मलाही तेच वाटलं.
घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, डोकं दुखतंय म्हटलं.

११ फेब्रुवारी
काका आले नाहीत. कशाला येतील!

२६ फेब्रुवारी
काकांची सून आली. खोलीचं दार लावून घेतलं, बस म्हटलं तरी उभीच.
"बालवाडीत शिकवते मी. कळलं तर एक मूल पाठवणार नाहीत माझ्याकडे. म्हणून ह्यांनी तुम्हाला खोटंच सांगितलं होतं, बायकोची तपासणी बाहेर केली, तिला काही नाही म्हणून. ते होते तोवर माझं औषध बाहेरून विकत आणायचे. ते गेल्यावर बाबा म्हणाले, मी आणतो, तू काळजी करू नकोस."
पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.
"त्या गोळ्या मी घेत होते, ताई. पंधरा दिवसांपूर्वी संपल्या."