राहिलेली मालिश

१८ एप्रिल १९८६, शुक्रवार

तेल लावून घ्यायला कोणी तयार न्हाई. अंग दुखायचं थांबलं म्हणून न्हाई, तेल धुवायला पाणी न्हाई म्हणून. चिकट अंगानं टँकरची वाट बघत कोण बसेल?

डाळमिलवाल्या उमादेवीला म्हणलं, "तुझ्या मिलमध्ये हरभऱ्याच्या डाळीचं पीठ सांडून राहिलंय. ते चोळ अंगाला. तेल निघतं आणि रंगबी उजळतो."

म्हणाली, "आता रंग कोणाला दाखवायचाय, दानम्मा?"

"नवऱ्याला नको दाखवू. आरशाला दाखव."

हसीना लिहिता लिहिता हसून राहिली. ही माझी शेजारीण. ब्लाउज शिवते, मॅट्रिक झालेली हाय. मला अक्षर येत न्हाई, म्हणून मी बोलते आणि ती लिहिते. त्याबद्दल मी तिची मान मोकळी करून देते. शिवणाऱ्या बाईची मान म्हणजे वाळलेली शेंग. तिला बजावलंय, मी बोलते तसं लिही, आपलं शहाणपण घालू नको. लोकांच्या घरच्या गोष्टी मी लोकांच्या घरी बोलते. आपल्या घरची बोलायला मला घर न्हाई. ती इथं, ह्या वहीत.

२१ एप्रिल, सोमवार

कलेक्टर ऑफिसच्या क्वार्टरमधून बोलावणं आलं. लातूर जिल्हा झाल्यापासून अशा साहेबांच्या बायका लई आल्यात, कोणी पुण्याची, कोणी नागपूरची. ह्या बाईनं दारातच सगळं सांगून टाकलं — सहावा महिना हाय, डॉक्टरला विचारलंय, पाय आणि पाठ चालेल म्हणाले, जेवून बराच वेळ झालाय. मी म्हणलं, "बाई, तुझी दृष्ट काढायला पाहिजे. आमच्यात एवढं कळायला चार दिवस जातात."

तिला डाव्या कुशीवर निजवलं. गुडघ्यात उशी, पाठीला उशी. पोटाला हात न्हाई. पाय, पाठ, मान, तेबी हलक्या हातानं. चक्कर आली, कळ आली तर लगेच बोल म्हणलं, लाजून सोसत राहू नको.

आमच्या बायकांचं ओढून काढावं लागतं. ताप हाय का? न्हाई. हात लावावा तर तवा. भामाबाईचा एकच पाय सुजलेला, पोटरी गरम, टेकवता येईना. आणि म्हणते, "रगड की, मोकळा होईल." मी म्हणलं, "ह्या पायाला मी शिवणार न्हाई. आधी दवाखान्यात दाखव." रुसली. अजून रुसलेलीच हाय. पण पायावर चालत जाऊन रुसते, एवढं बरं.

माझा कायदा एकच हाय. चटईवर आडवं व्हायच्या आधी तोंड उघडायचं. मला हातानं कळतं, पण सगळं हातानं कळत न्हाई.

२ मे, शुक्रवार

रुद्राणी आली! माझी नात, माझ्या लेकाची, वीरभद्राची थोरली. मुदखेडला दिलीय. नांदेडला एसटी बदलून भर उन्हात आली, कडेवर लेकरू. लेकरू आत्ता रांगायला लागलंय, अजून अंगावर पितं. नाव नागम्मा. माझ्या सासूचंबी हेच नाव होतं. सासू मेली तवा वाटलं सुटले. आता ती माझ्या मांडीवर मुतून राहिलीय.

पोरगी लई वाळलीय. सासरची विहीर आटली. स्टेशनच्या नळावरून घागरी वाहते, एक डोक्यावर, एक कमरेवर, आणि घरात आल्यावर लेकरू कमरेवर. सासू काय करते विचारलं तर म्हणाली, "मोजते." काय मोजते? "घागरी."

मग मला म्हणाली, "आजी, माझी मालिश अर्धी राहिलीय. ती दे."

खरं हाय ते. पहिलं बाळंतपण इथं झालं. सव्वा महिना तेल, शेक आणि पोट बांधणं हा बाळंतिणीचा हक्क. पण सासरचे मधेच न्यायला आले, घरात कामाला कोणी न्हाई म्हणाले. कोणाची अशी राहिली तर माहेर ती पुढं कधीतरी पुरी करतं. आमच्यात तसं चालतं. मी म्हणलं, "उशीर झालाय बाई, पण देते. हक्काचंच मागितलंस."

रत्नम्मानं ऐकलं. रत्नम्मा म्हणजे माझी सून, रुद्राणीची आई. भाकरी थापत राहिली.

५ मे, सोमवार

घाण्याचं करडीचं तेल कोमट केलं. रुद्राणीला पालथी घातली आणि बाळंतिणीला लावतात तसं लावलं, कंबर, मांड्या, माकडहाड. बाळंतिणीची मालिश म्हणजे हलकं काम न्हाई, हाडं जागेवर बसवायची असतात.

"जोरात आजी."

"मोडशील."

"न्हाई मोडत. अजून खाली दाब."

मग म्हणाली पोटबी चोळ, आणि बांध. जुन्या लुगड्याची पट्टी काढली आणि बांधली. म्हणाली, "घट्ट." ओढून बांधली. "अजून."

मी म्हणलं, "एवढी कोणासाठी बारीक होऊन राहिलीस?" हसली न्हाई. पहिलं माझ्या प्रत्येक बोलण्याला हसायची.

रत्नम्मा टँकरच्या रांगेत होती.

६ मे, मंगळवार

आज पुन्हा. कालच्यापेक्षा जोरात पाहिजे म्हणाली. माझी मनगटं भरून आली, तिचं समाधान होईना.

८ मे, गुरुवार

सकाळी रुद्राणीच्या लुगड्याला रक्त दिसलं. रिक्षात घालून लेडी डॉक्टरकडे नेलं, मी आणि रत्नम्मा.

मला वाटलं पाळी असेल. लेकरू झाल्यावर पहिलीच, म्हणून जास्त जात असेल. डॉक्टरनं विचारलं, "दिवस गेलेत का?" रुद्राणी जमिनीकडं बघत म्हणाली, "तिसरा लागलाय."

मी बाकावर बसलेली. माझे हात माझ्याच मांडीवर, पण दुसऱ्या कोणाचे तरी आणून ठेवल्यासारखे.

रत्नम्माकडं बघितलं. घाबरली होती. पण चकित झाली न्हवती. घाबरणं वेगळं दिसतं, चकित होणं वेगळं. पंधरा घरच्या बायकांची तोंडं वाचून म्हातारी झाले मी, तेवढं वाचन मला येतं.

डॉक्टरनं तपासलं. म्हणाली पिशवीचं तोंड बंद आहे, बहुतेक राहील, पण झोपून राहायचं, घागर न्हाई, लेकरू कडेवर न्हाई. मग मालिशचं कळलं. चांगली बाई हाय, ओरडली न्हाई. "तुमच्या हातानंच झालं असं मी म्हणणार नाही आजी, असं रक्त काही न करताही जातं. पण ह्या दिवसांत पोट-कंबर अशी रगडायची नसते. आणि पोट बांधायचं तर मुळीच नाही."

म्हणलं, "हे मी लोकांना सांगते, बाई."

"मग?"

जगाला विचारते ते घरात विचारलं न्हाई. अंगावर पाजणारी बाई, तिला काय विचारायचं! आमच्यात असंच धरतात. पाजतेय तवर दिवस जात न्हाईत.

९ मे, शुक्रवार

रत्नम्माला चुलीपुढं गाठलं.

"तुला माहीत होतं."

"हाव."

"कधीपासून?"

"आली त्या दिवशी बोलली मला."

"आणि मी तिला रगडून राहिले, तू टँकरवर उभी?"

"रुद्राणी म्हणाली, आजीला सांगितलंय. मी म्हणलं, आत्या, तुम्हाला कळतंय, तुम्ही बघून हात लावाल."

"मला कोणी सांगितलं न्हाई. खोटं बोलून राहिलीस."

मग तिचंबी तोंड सुटलं. सासरचे म्हणाले होते, तिसरा सरेपर्यंत कोणाला बोलायचं न्हाई, दृष्ट लागते. "आणि आत्या, तुमच्या पोटात काय राहतं? मागच्या खेपेला तिला स्वतःला नीट कळायच्या आधी गोलाईच्या बाजारातल्या भाजीवालीला कळलं होतं."

वीरभद्राला विचारलं. त्यालाबी माहीत. माझ्या पोटचा, पण चप्पल शोधत बाहेर गेला. चप्पल पायातच होती.

घरातल्या भांड्यांना माहीत होतं, मला न्हवतं. माझा हात मागितला आणि माझ्यापासून लपवलं. आंधळ्याला विहिरीवर नेऊन सोडावं तसं. मी लोकांच्या पोरींना अंगाखाली चटई घालायच्या आधी दहा गोष्टी विचारते, आणि माझ्या घरच्यांनी मला काय समजलं? तेलाची बुधली.

हसीनाला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, "अल्ला कसम अम्मा, न्हाई." हेबी लिही म्हणलं. लिहिलं.

रत्नम्माच्या हातचं आज खाल्लं न्हाई. चुरमुरे खाल्ले.

१३ मे, मंगळवार

हसीनाचे रोजे चालू झालेत, घसा कोरडा पडतो तिचा. थोडंच सांगते.

उमादेवीचा निरोप आला, सध्या नको. का ते निरोपात न्हवतं, पण निरोप आणणारीच्या तोंडावर होतं. भामाबाईचा रुसवा एकदम गेला. मुद्दाम घरी येऊन म्हणाली, "होतं गं असं, वय झालं की हाताला कळत न्हाई." त्याच सुजलेल्या पायानं आली. बरा झालेला दिसतो.

क्वार्टरची साहेबीणबाई स्वतः आली. "मावशी, येणार ना?" मी म्हणलं, "बाई, मी आता कोणाला हात लावणार न्हाई." ती म्हणाली, "मी तर सगळं सांगते तुम्हाला." म्हणूनच रडू आलं मला. परकी सगळं सांगते.

करडीचं तेल बरणीत तसंच हाय. झाकण लावलं.

१५ मे, गुरुवार

रत्नम्मा माझ्याशी बोलते, मी भिंतीशी बोलते. भिंत ऐकते तरी.

१७ मे, शनिवार

रक्त थांबलंय. डॉक्टरनं आज पुन्हा तपासलं, सगळं ठीक म्हणाली. मी रुद्राणीच्या तोंडात साखर घातली, म्हणलं, "धरून बसलाय बघ, तुझ्यासारखाच हट्टी हाय." तिनं भिंतीकडं तोंड केलं आणि रडायला लागली.

रत्नम्मा म्हणाली, आनंदाचं रडू हाय. आनंदाचं रडू मी लई बघितलंय. त्याला आवाज असतो, नाक पुसायला पदर लागतो, मधेच हसू येतं. हे तसलं न्हवतं.

रत्नम्माच्या देखत मी रुद्राणीला विचारलं, "आजीला सांगितलंय असं तू आईला बोललीस?"

भिंतीकडंच बघत म्हणाली, "हाव."

म्हणजे सून खरं बोलत होती. तिकडं न बघता मी तिला म्हणलं, "आमटीत मीठ कमी हाय." तिनं उठून मीठ घातलं. आमटी आधीच खारट होती. दोघींनी तशीच खाल्ली. माझ्याच्यानं ह्यापेक्षा जास्त माफी मागता येत न्हाई.

पण पोरगी आईला तसं का बोलली? दृष्टीच्या भ्यानं मला सांगितलं न्हाई म्हणावं, तर आईजवळ ते खोटं कशाला? आणि मालिश तिनंच मागितली. मी म्हणले न्हवते, ये बस म्हणून.

१९ मे, सोमवार

रत्नम्मा टँकरवर होती. रुद्राणीनं नागम्माला माझ्या मांडीवर दिलं आणि बोलली.

"आजी, ही अजून रांगते. मला दुसरं आत्ता नको होतं. सासरी कोणाला म्हणू? आईला म्हणलं असतं तर गप्प राहा म्हणाली असती. तुझ्या हातात लई जोर हाय. वाटलं, तुझ्या हातानं जाईल आणि कोणाला कळणार न्हाई. तुलाबी न्हाई."

तुलाबी न्हाई.

मी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं उघडलं होतं.

म्हणलं, "उद्या दोघी लेडी डॉक्टरकडं जाऊ. हे असंच तिला सांग. ठेवायचं की न्हाई, तू बोलायचं. मी जवळ बसते." तिचे पाय मांडीजवळ ओढले. नुसते धरले, दाबले न्हाईत.

रत्नम्मा आली, घागर उतरवत म्हणाली, "काय बोलत होती रुद्राणी?"

म्हणलं, "काही न्हाई."